सही करण्याआधी : सामायिक सातबाऱ्यावरच्या भाऊबंदांना खुले पत्र

प्रति,
मुंबई, ठाणे, वसई-विरार, पुणे आणि आता पार दुबईपर्यंत पांगलेल्या आमच्या सगळ्या भाऊबंदांस, आणि कोकणात ज्या ज्या सामायिक डोंगराचं असं संमतीपत्र फिरतंय तिथल्या सगळ्या हिस्सेदारांस,

स. न. वि. वि.

आपला सामायिक डोंगर विकायच्या संमतीपत्राची पीडीएफ भावकीच्या ग्रुपवर आली आणि तासाभरात तिच्याखाली अंगठ्यांची रांग लागली. मी गप्प राहिले, म्हणून थोरल्या भावजींचा फोन आला. "सगळ्यांचं झालं, तुझं तेवढं राहिलंय. आणि एवढा विचार कसला करतेस? तिथे आहे काय?"

या प्रश्नाचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं. ग्रुपवर टाकण्यासारखंही नाही, कारण असा कागद काही फक्त आमच्याच घराण्यात फिरत नाही. सावंतवाडी-दोडामार्गाच्या पट्ट्यापासून वर राजापूर, लांजा, संगमेश्वरापर्यंत कुठल्याही वाडीत विचारा. डोंगर सामायिक, मालक मुंबईत आणि गिऱ्हाईक दारात. म्हणून हे पत्र उघड लिहितेय. माझं नाव सातबाऱ्यावर लागलं ते यजमान गेल्यावर, वारस नोंदीने. तोवर त्या डोंगरात मी फक्त राबत होते. आता हिस्सेदार आहे, तर हिस्सेदार म्हणून बोलते.

जंगल म्हणजे सरकारचं, असं शहरात राहून वाटायला लागतं. कोकणात तसं नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याकडे नावापुरती जमीन आहे, आपल्या सिंधुदुर्गात त्याहून थोडी जास्त. बाकीचं रान खाजगी, म्हणजे तुमचं-आमचं. सह्याद्री वाचवा म्हणून दिल्लीला निवेदनं पाठवणाऱ्यांचं मला कौतुकच आहे, पण इथल्या रायेचं, म्हणजे घळीतल्या दाट सदाहरित रानाचं, जगणं-मरणं दिल्लीपेक्षा डोंबिवलीत जास्त ठरतं.

त्या कागदात डोंगराचं वर्णन 'पडीक, उत्पन्न नसलेली झाडोऱ्याची जमीन' असं केलंय. सातबाऱ्यावरही बराचसा भाग पोटखराबा, म्हणजे लागवडीला नालायक, म्हणून लागलेला आहे, तेव्हा लिहिणाऱ्याला काय बोलणार? पण खरं सांगा, तुमच्यातल्या किती जणांनी ती राय आतून पाहिलीय? लहानपणी करवंदं काढायला डोंगरावर गेला असाल. करवंदं सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या जांभ्याच्या पठारावर मिळतात, रायेत नाही.

राय सुरू होते ती व्हाळ, म्हणजे ओढा, ओलांडल्यावर. मे महिन्यात सड्यावरचा जांभा तापून पाय ठेववत नाही, आणि व्हाळाच्या पलीकडे दहा पावलं आत गेलं की अंगावरचा घाम निवतो. वर सातवीण, धूप, नागचाफा, जांभूळ यांच्या फांद्या एकमेकींत गेलेल्या. त्यांच्या सावलीत सुरंगी, रातांबा (कोकम), रानजायफळ, भेरली माड. त्याखाली अंजनी आणि वेताची जाळी. मांडीएवढा गारंबीचा वेल एका झाडावरून दुसऱ्यावर आणि तिथून तिसऱ्यावर गेलेला, त्याचं मूळ कुठे आणि शेंडा कुठे ते शोधत बसावं लागतं. पायाखाली पाचोळ्याचा थर, वरून सुका आणि हात घातला तर खालून ओला, भर उन्हाळ्यातसुद्धा.

मुलांच्या पुस्तकात वर्षावन म्हणून अ‍ॅमेझॉनचं चित्र असतं. ते बरोबरच आहे. पण उष्ण कटिबंधातली जी सदाहरित जंगलं दक्षिण अमेरिकेत, आफ्रिकेत, इंडोनेशियात आहेत, त्यांचीच भारतातली एक शाखा केरळपासून सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरून वर येते आणि आपल्याकडे येईतो विरळ होत होत घळींपुरती उरते. फरक एकच. अ‍ॅमेझॉनात पाऊस बाराही महिने थोडाफार चालू असतो, आपल्याकडे सगळा चार महिन्यांत ओततो. आंबोलीला वर्षाकाठी ७,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. पुढचे आठ महिने हे रान हिरवं राहतं ते घळीत मुरलेल्या ओलीवर आणि स्वतःच्या सावलीवर. सावली काढली की ओल जाते आणि ओल गेली की राय जाते.

आता तुमचा खरा मुद्दा. धाकट्या भावजींनी ग्रुपवर लिहिलं होतं, "रान तोडलां तरी परत येतां. आजोबांनी दोनदा तोड दिल्यानी, तरी आज उभा आसा मां?"

हा मुद्दा खोटा नाही, अर्धा आहे. आजोबांनी तोड दिली होती ती वरच्या अंगाला, ऐन, किंजळ, कुंभ्याच्या रानात. ही पानझडी झाडं. बुंधा ठेवला तर त्याला धुमारे फुटतात आणि दहा-पंधरा वर्षांत पुन्हा तोडण्याजोगं रान होतं. कोळसा आणि जळाऊ लाकडाचा सगळा धंदा त्यावर चालला. घळीतल्या रायेला आजोबांनी हात लावला नाही, कारण तिथे देवचाराचं, म्हणजे राखणदार दैवताचं, ठाणं. भीतीपोटी का होईना, राहिली. म्हणजे जे 'परत आलं' म्हणता ते वेगळं रान आणि जे विकायला काढलंय ते वेगळं.

राय परत का येत नाही, ते समजून घ्यायचं तर रानजायफळाची एक बी हातात घ्या. फळ उकललं की आत तांबड्या जाळीत गुंडाळलेली बी दिसते. ती जाळी म्हणजे रामपत्री, मसाल्याच्या बाजारात जाते. बी दिसायला दगडासारखी टणक, पण आतून ओली. भाताचं बियाणं उन्हात वाळवून कणगीत ठेवलं तर पुढच्या मृगाला रुजतं. रायेतल्या बऱ्याच झाडांचं बी असं ठेवता येत नाही. पडल्यापासून थोडक्या दिवसांत ओल्या पाचोळ्यात रुजलं तर रुजलं, सुकलं की मेलं. त्यामुळे जमिनीत पुढच्या वर्षांसाठी शिल्लक असं काही राहतच नाही. मोठी झाडं एकदा आडवी झाली की त्यांच्याबरोबर सगळं बियाणंही गेलं.

बरं, शेजारच्या रायेतून बी येईल म्हणावं, तर सुपारीएवढी बी वाऱ्यावर उडून येत नाही. ती आणणारे मोठे धनेश, रानकबुतरं आणि रात्री हिंडणारी उदमांजरं. धनेशाची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरून दार लिंपून घेते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते, आणि पिल्लं वाढेपर्यंत नर तिला फळं आणून भरवतो. अशी ढोली पडायला झाड म्हातारं लागतं. तोडणाऱ्याला पोकळ खोडाचं लाकूड नको असतं, पण वाटेत आलं म्हणून तेही आडवं करतात. मग बी आहे तिथे पक्षी नाही आणि पक्षी आहे तिथे ढोली नाही, अशी गत होते.

आणि समजा, कुठून तरी बी आली, रुजलीही. या रोपांना पहिली काही वर्षं सावली लागते. उघड्या उन्हात ती करपतात. उघड्या जागी येते रानमोडी आणि घाणेरी. ती मार्चमध्ये वाळून खडखडीत होते, कोणीतरी विडी टाकतो किंवा मुद्दाम काडी लावतो, आणि दोन-तीन वणवे गेले की तिथे राय होती हे सांगायला माझ्यासारखी म्हातारी माणसंच उरतात.

ही तोड काही लाकडासाठी नाही, जमिनीसाठी आहे, हे मला ठाऊक आहे. घेणाऱ्याला खाली रबर लावायचंय आणि वरच्या अंगाला अननस. रबर लावणाऱ्या माणसाविषयी माझ्या मनात काही वाईट नाही. केरळहून येऊन आपल्या तालुक्यात राहिलेली कुटुंबं पाहिलीत मी, पहाटे चारला डोक्याला बॅटरी बांधून चीक काढायला निघतात. आपल्या पोरांना ते जमलं नसतं. पण एक गंमत बघा. रबर मूळचं अ‍ॅमेझॉनच्या वर्षावनातलं. अननस दक्षिण अमेरिकेतला. आणि ज्या काजूवर आपण सगळे उड्या मारतो तो पोर्तुगीजांनी ब्राझीलहून गोव्यात आणलेला. तिकडच्या जंगलातली तीन झाडं लावण्यासाठी इकडचं शेकडो जातींचं जंगल काढायचं! काजू माझ्याही भरडावर, म्हणजे हलक्या माळजमिनीवर आहे, त्यावरच माझं घर चालतं. भरडावर लावा, वरकस जमिनीत लावा, कोण नको म्हणतंय? भांडण आहे ते घळीचं.

रबराच्या बागेत एकदा फिरून या. झाडं रांगेत, खाली जमीन साफ, जानेवारी-फेब्रुवारीत सगळी पानं गळून ऊन थेट मातीवर. पंचवीस-तीस वर्षांनी चीक आटला की सगळं तोडून पुन्हा लावायचं. अननसाला तर उतारावर जेसीबीने बांध पाडतात. रायेतल्या मातीत पहिली एक-दोन पिकं जोरात येतात, कारण शेकडो वर्षांच्या पाचोळ्याचं खत फुकट मिळतं. पण या मातीचा सुपीक थर वितीएवढाही नसतो. सगळा कस वर झाडात आणि पाचोळ्यात. खाली जांभा. दोन पावसाळे उघड्या उतारावरून गेले की खताच्या गोणी सुरू.

पाण्याचं मात्र सविस्तर सांगते, कारण तुम्ही गावी येता ते गणपतीत आणि मे महिन्यात. गणपतीत पाणीच पाणी असतं, आणि मेमध्ये नळाला पाणी येतं म्हणून ते येतं कुठून हे विचारायची वेळ तुमच्यावर आलेली नाही.

आपल्या वाडीला पाणी सायफनचं. रायेच्या वरच्या कोंडीत, म्हणजे व्हाळातल्या डोहात, पाईप टाकलाय, पंप नाही, बिल नाही, उतारावरून आपोआप घरात. त्याच व्हाळावर खालची पोफळीची बाग, आणि त्याच्याही खाली वायंगणाचे मळे, पावसाळी भात निघाल्यावर दुसरं पीक घेतो ते. धो धो पाऊस आधी वरच्या पानांवर आपटतो, मग खालच्या पानांवर, मग पाचोळ्यावर थेंबथेंब उतरतो आणि जमिनीत मुरतो. उघड्या उतारावर तोच पाऊस माती घेऊन सरळ व्हाळात. पाऊस दोन्हीकडे तेवढाच, पण एकीकडचं पाणी पुढच्या मेपर्यंत झिरपत राहतं आणि दुसरीकडचं दोन तासांत समुद्राच्या वाटेला लागतं.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. आमच्या पलीकडच्या वाडीच्या वरचा डोंगर काही वर्षांपूर्वी विकला गेला. पहिल्या पावसात त्यांच्या व्हाळाला लाल गढूळ पाणी आलं, मळ्यांत गाळ बसला. आता त्यांचा पाईप फेब्रुवारी संपता संपता कोरडा पडतो. तिथल्या सुना आमच्या कोंडीवर कपडे धुवायला येतात आणि ग्रामपंचायतीत टँकरचा विषय निघतो. पाऊसच कमी झाला, असं कोणी म्हणालं तर त्याला माझं उत्तर आहे की पाऊस आमच्यावरही तोच पडला, मध्ये डोंगराची एक सोंड आहे फक्त. आमच्या पाईपाला मेअखेरही धार होती.

आणि हे पाणी आपल्या वाडीपुरतं थोडंच आहे? या भागातले कितीतरी ओहोळ शेवटी तिलारीला मिळतात. तिलारीचं धरण महाराष्ट्र आणि गोवा दोघांचं. पेडणे, डिचोली, बार्देशातली माणसं ते पाणी पितात. म्हापशाला फ्लॅट घेतलेले आपले चुलतभाऊ नळ सोडतात तेव्हा त्यात या डोंगरांचं पाणी असतं.

"तिथे आहे काय?" असं विचारणाऱ्या भावजींच्या गाडीत दर मे महिन्यात परत जाताना आगळाच्या बाटल्या असतात, आमसुलांची पिशवी असते, आणि वहिनी आठवणीने तिरफळं मागून घेतात, कारण वाशीच्या बाजारातल्या तिरफळाला वास नसतो आणि तिरफळाशिवाय बांगड्याची आमटी होत नाही. रातांबे मी रायेच्या कडेचे काढते. २०१६ मध्ये सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पेपरात मोठमोठे फोटो आले होते. त्यावर मी श्रीमंत झाले नाही, कोणी होत नाही. पण मिरगाच्या तोंडावर खताला आणि पोरांच्या फीला जो पैसा लागतो तो त्यातून निघतो. रायेत मी कधी खत घातलं नाही, पाणी शिंपलं नाही, मजूर लावला नाही.

आणखी एक गोष्ट, जी विकणारा कधी सांगत नाही. २०१६ मध्ये आपल्या दोडामार्ग तालुक्यात केर गावाकडे माकडताप आला, पुढच्या वर्षी बांद्याकडे पसरला. माणसं गेली. हा रोग १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा सापडला. गोचिडीतून येतो. काजूच्या हंगामात बागेत बसून बोंडं गोळा करणाऱ्यांना तो गाठतो. या रोगाचा अभ्यास करणारे सांगतात की अखंड जंगलापेक्षा तोडून तुकडे केलेल्या जंगलाच्या कडेला, जिथे माकडं, गुरं आणि माणसं एकाच जागी येतात, तिथे धोका जास्त. रान तोडलं की त्यातले रोगही निघून जातात, असं काही होत नाही.

आता कायद्याचं. त्या पीडीएफमध्ये याविषयी एक ओळ नाही, ही मला सगळ्यात खटकलेली गोष्ट. सावंतवाडी-दोडामार्गाच्या या पट्ट्यात मुंबई हायकोर्टाने २०१३ मध्ये वृक्षतोडीला बंदी घातली. कारण राधानगरी, तिलारी, गोव्याचं म्हादई आणि कर्नाटकातलं भीमगड ही जंगलं या पट्ट्याने जोडली जातात आणि वाघ याच वाटेने येतो-जातो. मार्च २०२४ मध्ये त्याच हायकोर्टाने इथली २५ गावं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करायला सरकारला मुदत घालून दिली आणि तोड रोखण्यासाठी कृती दल नेमायला सांगितलं. म्हणजे घेणारा 'झाडं काढून जमीन मोकळी करून घेऊ' म्हणतोय ते कशाच्या जोरावर? उद्या प्रकरण अंगाशी आलं तर नोटिसा सातबाऱ्यावरच्या नावांना येतील. दलालाचं नाव सातबाऱ्यावर नाही.

पश्चिम घाट पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करायच्या केंद्राच्या मोठ्या अधिसूचनेची गोष्ट तर विचारूच नका. त्यासाठी केंद्राने नेमलेल्या गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, त्यानंतरच्या कस्तुरीरंगन गटाचा २०१३ चा. त्यानंतर पहिला मसुदा मार्च २०१४ मध्ये निघाला आणि तेव्हापासून मसुद्यांवर मसुदेच निघतायत. केरळात वायनाडला ३० जुलै २०२४ च्या पहाटे डोंगर कोसळून अडीचशेहून जास्त माणसं गेली, आणि दुसऱ्याच दिवशी, ३१ जुलैला, सहावा मसुदा आला. ५६,८०० चौरस किलोमीटरच्या वर क्षेत्र, त्यातलं १७,३४० आपल्या महाराष्ट्रातलं. अंतिम होण्याच्या नावाने दरवेळी राज्यं आक्षेप घेतात आणि गाडी पुन्हा मागे.

या अधिसूचनेची गावात भीती काय घातली जाते? घर दुरुस्त करता येणार नाही, गोठा बांधता येणार नाही, काजू लावता येणार नाही. मसुद्यात बंदी आहे ती खाणी, दगड-वाळूचा उपसा, औष्णिक वीज प्रकल्प, लाल यादीतले (सगळ्यात जास्त प्रदूषण करणारे) कारखाने आणि मोठ्या टाउनशिप यांवर. शेतीवर नाही, घरावर नाही. खाण म्हणजे काय हे आपल्याला वेगळं सांगायला नको. जुलै २०२१ मध्ये आपल्याच तालुक्यातल्या कळण्याच्या खाणीचा बांध फुटला आणि चिखल लोकांच्या घरा-बागांत शिरला, तो आपल्यातल्या कितीतरी जणांनी मोबाईलवर पाहिला, वर 'अरेरे' म्हणून पुढेही पाठवला. पण एवढं सगळं होऊनही ही अधिसूचना आपल्या डोंगरातली राय आपोआप वाचवेल, असं मला वाटत नाही. मालकाने स्वतःहून विकलेल्या रानाला वाचवायची ताकद मसुद्यात नसते.

तुमच्या तक्रारी मला कळत नाहीत असं समजू नका. मी इथे राहते, तुमच्यापेक्षा जास्त सोसते. २००२ मध्ये कर्नाटकातून हत्ती तिलारीच्या खोऱ्यात उतरले ते आजतागायत आहेत. एका रात्रीत माड आणि केळी आडव्या होतात, पंचनामा होतो, भरपाई येते तेव्हा नवं केळं पुन्हा पडायला आलेलं असतं. गवे भात खातात, माकडं शहाळी फोडतात. वनसंज्ञेच्या, म्हणजे खाजगी रानालाही कागदोपत्री 'वन' धरण्याच्या, घोळात आपल्याच जमिनीवर आपल्याला काही करता येत नाही आणि पुण्या-मुंबईचे निसर्गप्रेमी कॅमेरे घेऊन येऊन 'किती सुंदर राखलंय हो' म्हणून जातात. राखलंय, पण राखण्याचा खर्च कोण देतं? धरणाचं पाणी पिणाऱ्याने, हवा घेणाऱ्याने डोंगरवाल्याला काहीतरी द्यायला हवं. गाडगीळ समितीने रान राखणाऱ्याला मोबदला द्यावा असं सुचवलं होतं. त्या अहवालावर भांडणं झाली ती सगळी निर्बंधांवरून. मोबदल्याची बाजू कोणी उचलून धरली नाही, आपल्या पुढाऱ्यांनी तर नाहीच. यावर मोर्चा काढायचा असेल तर मी पहिल्या रांगेत येईन.

पण मोबदला मिळत नाही म्हणून विकून टाकायचं, हा हिशेब तरी नीट करा. सातबाऱ्यावर किती नावं आहेत ते मोजा. मयतांची वगळा, त्यांच्या वारसांची घाला. घेणाऱ्याने सांगितलेल्या किमतीच्या आकड्याला तेवढ्याने भागा. त्यातून दलाली, वकील, स्टॅम्प, आणि 'वरचा खर्च' म्हणून जे काही सांगितलं जाईल ते काढा. माझ्या वाट्याला जे येतं त्यात एक बऱ्यापैकी मोबाईल येईल. तुमच्यातल्या ज्यांची शाखा मोठी आहे त्यांना मोबाईलचं कव्हर. आणि एक लक्षात ठेवा. वाटप न झालेल्या जमिनीतला एकाचा जरी अविभक्त हिस्सा बाहेरच्याने घेतला तरी तो उद्या वाटपाचा दावा लावून व्हाळाच्या तोंडाशीच तुकडा मागू शकतो. म्हणून 'ज्यांना विकायचंय त्यांनी विकावं' हे बोलायला सोपं आहे.

पर्याय काय, असं विचाराल. आहेत, पण त्यातला एकही पीडीएफवर सही करण्याइतका सोपा नाही.

संगमेश्वर-देवरूखच्या बाजूला पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशनने रानाच्या मालकांशी न तोडण्याचे करार केले. तिथल्या बेहड्याला 'फेअरवाइल्ड' (रान न ओरबाडता माल गोळा केल्याचं) प्रमाणपत्र मिळवून दिलं, आणि तो माल परदेशातल्या हर्बल चहाच्या कंपनीला गेला. ज्या बेहड्यावर धनेशाचं घरटं तोच बेहडा फळंही देतो, त्यामुळे झाड उभं राहण्यात मालकाचाच फायदा. हे आपल्याकडे जसंच्या तसं होईल असं नाही. पण आपल्याकडे कोकम आहे, तिरफळ आहे, रामपत्री आहे.

दुसरं, कायद्यात खाजगी जमिनीवरचं रान मालकांच्या इच्छेने 'समुदाय राखीव' म्हणून जाहीर करायची सोय आहे. मालकी आपलीच राहते, व्यवस्थापन समितीत आपणच बसतो. मात्र पुढे जमिनीचा वापर बदलायचा तर परवानगी लागते, हे आधीच सांगते, नाहीतर नंतर म्हणाल की सांगितलं नाही. तिसरं, गावच्या जैवविविधता समितीकडून नोंद. आपल्याच तालुक्यात हेवाळे-बांबर्ड्याची राई बघून या. जायफळाच्या कुळातली झाडं गोड्या पाण्याच्या दलदलीत उभी आहेत आणि काळ्या चिखलातून त्यांची मुळं दुमडलेल्या गुडघ्यांसारखी वर आलेली आहेत. जेमतेम अडीच हेक्टरची जागा, राज्य सरकारने तिला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलंय. शास्त्रज्ञ लांबून ते बघायला येतात. ती टिकली कशी? देवाची म्हणून कोणी हात लावला नाही. सरकार नंतर आलं.

आणि सगळ्यात साधं म्हणजे सरस-निरस, म्हणजे जमिनीचा बरा-वाईट कस पाहून, वाटप करू या, पण घळ आणि व्हाळाच्या दोन्ही अंगची राय वाटपातून बाहेर, सामायिकच ठेवू या. भरड, सडा, वरचं ऐन-किंजळाचं रान वाटून घ्या. ज्याला काजू लावायचा त्याने तिथे लावावा, ज्याला विकायचंच आहे त्याने निदान भावकीला आधी विचारावं. माझ्या वाट्याचा वरचा तुकडा मी कमी घ्यायला तयार आहे. हे लेखी देते.

तर माझं उत्तर असं. त्या संमतीपत्रावर मी सही करणार नाही. माझी हरकत तलाठ्याकडे लेखी दिलेली आहे आणि तिची प्रत वनखात्याच्या रेंज ऑफिसात पोचवली आहे, पोच माझ्याकडे आहे. ज्यांनी सह्या केल्यात त्यांच्यावर राग नाही. कुलमुखत्यारपत्र मात्र अजून कोणी करून दिलं नसेल तर देऊ नका, आणि दिलं असेल तर वकिलाला विचारून रद्द करा.

गणपतीला तुम्ही सगळे येताच. पाचव्या दिवशी विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी मांगरात (शेतघरात) बैठक ठेवू. येताना आपापल्या शाखेच्या वारसांची नावं आणि जुने फेरफार शोधून आणा, आमच्याकडचा १९७५ च्या आधीचा एक कागद गहाळ आहे. घेणाऱ्या पार्टीलाही बोलवा, माझी ना नाही, समोरासमोर बोलू दे. बैठकीच्या आधी सगळे मिळून रायेत जाऊन येऊ, कोंडीपर्यंत. जळवा असतील, पायात मोजे घालून या आणि खिशात तंबाखूची पुडी ठेवा. ज्यांना गुडघ्यांमुळे चढता येणार नाही त्यांनी व्हाळाच्या अलीकडे थांबावं, पाईप तिथूनही दिसतो.

आपली,
सामायिक खात्यातली एक हिस्सेदार
(गावातच राहणारी)